एक पुस्तक मांडीवर, एक उशाशी

नाताळ जवळ आला की आपल्या घरांतून मुलांच्या कपड्यांचा, केकचा व खेळण्यांचा विचार सुरू होतो. पुस्तकाचा विचार झालाच तर तो सर्वांत शेवटी, आणि तोही बहुधा बक्षीस-समारंभाच्या यादीपुरता. धर्मशिक्षणाच्या वर्गात पहिला आलेला मुलगा संतचरित्राची पुस्तिका घेऊन घरी येतो, ती कपाटात उभी राहते, आणि पुढच्या वर्षी तिच्या शेजारी दुसरी येऊन उभी राहते. संतचरित्रांविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु आठ वर्षांच्या मुलाने आपण होऊन पुन्हा पुन्हा उघडावे असे पुस्तक वेगळे, आणि त्याला वळण लागावे म्हणून मोठ्यांनी त्याच्या हाती ठेवलेले पुस्तक वेगळे. हा फरक मोठ्यांना उशिरा कळतो. मुलांना तो मुखपृष्ठ पाहताच कळतो.

ह्या अंकात आम्ही काही चित्रपुस्तके आणि मोठ्यांसाठी काही कादंबऱ्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. दोन्ही एकाच लेखात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, ज्या घरात वडीलधाऱ्यांच्या उशाशी स्वतःचे पुस्तक नसते, त्या घरात मुलाच्या मांडीवर ठेवलेले पुस्तक फार दिवस टिकत नाही. मूल वाचनाकडे वळते ते उपदेशामुळे क्वचितच. घरातले कोणी तरी रात्री दिवा लवकर मालवायला तयार नसते, हे त्याने पाहिलेले असते.

दुसरे कारण भाषेचे आहे, आणि ते आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. रत्नागिरीतील आपल्या अनेक घरांत आजी कोकणीत बोलते, बाजार मराठीत होतो आणि मुलांची शाळा इंग्रजीत असते. तीन भाषा कानांवर पडणे हे खरे तर भाग्य. पण तिसरी-चौथीतले मूल इंग्रजी परिच्छेद झरझर वाचते आणि मराठीतील जोडाक्षरापाशी अडखळते, हे चित्र आता घरोघर दिसते. पुढे ते मराठी वाचणे सोडूनच देते. मग आजोबांचे जुने पत्र आणि रविवारच्या प्रार्थनेचे पुस्तक, दोन्ही त्याला कुणाकडून तरी वाचून घ्यावी लागतात. अशा मुलाला एकदम साने गुरुजी देऊन उपयोग नाही. त्याला प्रत्येक पानावर दोन ओळी आणि एक मोठे चित्र असलेले पुस्तक द्यावे, आणि कुणी तरी त्याच्या शेजारी बसावे. चित्रपुस्तक हे मुळातच दोघांनी मिळून वाचायचे पुस्तक आहे. मूल चित्र वाचते, मोठे माणूस अक्षरे वाचते, आणि कधी तरी ही वाटणी कुणाच्या लक्षात न येता बदलते.

अशा पुस्तकांचा जन्म युरोपातला. कोमेनियस ह्या मोरावियन धर्माचार्याने 1658 साली न्यूरेंबर्ग येथे मुलांसाठी चित्रांचे पुस्तक छापले, तेव्हापासून ही वाट सुरू झाली असे मानतात. मराठी पुस्तकांच्या इतिहासात तर ख्रिस्ती लेखकांचा वाटा मोठाच आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती 'यमुनापर्यटन' 1857 साली बाबा पदमनजींनी लिहिली, आणि तिचा विषय होता विधवांची दैना. रेव्हरंड नारायण वामन टिळक जन्मले ते आपल्याच जिल्ह्यातील करजगावी, 1861 साली. हे दोघेही प्रॉटेस्टंट पंथाचे. पण त्यांच्या मराठीवर कुणा एका पंथाचा हक्क नाही. आपल्या शहरातील जिल्हा नगर वाचनालय 1828 पासूनचे. तेव्हा ह्या भूमीत पुस्तकांची परंपरा नाही, ही सबब आपल्याला चालणार नाही.

आता पुस्तकांकडे वळू. मराठी चित्रपुस्तकांत पहिले नाव घ्यावे ते माधुरी पुरंदरे ह्यांचे. त्या मुळात चित्रकार, जे. जे. कलाशाळेत आणि पुढे फ्रान्समध्ये शिकलेल्या. आपल्या अनेक पुस्तकांची चित्रेही त्या स्वतःच काढतात, आणि ज्योत्स्ना प्रकाशनाने त्यांची पुस्तके निगुतीने छापली आहेत. 'राधाचं घर' ही छोट्या पुस्तकांची मालिका अगदी लहानांसाठी आहे. राधा नावाची चिमुरडी आपल्या घरातल्या माणसांची एकेक करून ओळख करून देते, एवढाच तिचा विषय. गोष्ट म्हणावी असे काही घडत नाही. एखाद्या पालकाला वाटेल, ह्यात शिकण्यासारखे काय आहे? आमचे उत्तर असे की, हा प्रश्नच बाजूला ठेवून पुस्तक मुलाला वाचून दाखवावे. दुसऱ्या दिवशी ते आपल्या आजीकडे बोट दाखवून तिच्याविषयी काही सांगू लागेल. स्वतःच्या घराकडे पाहण्याची ही पहिली खेप असते, आणि ती मुलाच्या स्वतःच्या भाषेत होते.

त्यांच्याच 'बाबांच्या मिश्या' ह्या पुस्तकात अनूला बाबांचे सगळेच आवडते, पण मिश्या सर्वांत अधिक. बस्स. शेवटी बाबांनी कष्ट केले म्हणून त्यांचा मान राखावा, असे कोणी सांगत नाही. प्रेमाविषयी एक शब्दही न लिहिता पुस्तकभर प्रेम आहे; आणि आपल्याकडच्या 'तात्पर्य' छापणाऱ्या पुस्तकांशी तुलना केली म्हणजे हे किती अवघड आहे ते ध्यानात येते. यश नावाच्या मुलाच्या गोष्टी थोड्या मोठ्या मुलांसाठी आहेत. त्यांतली 'मोठी शाळा' जून महिन्यात पहिलीत जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी असावी असे आम्हांस वाटते. मुलांच्या भीतीला हसायचे नसते आणि तिचा बाऊही करायचा नसतो, हे लेखिकेला नेमके ठाऊक आहे.

'चित्रवाचन' ह्या पुस्तकात तर बोलायचे काम वाचणाऱ्यानेच करायचे आहे. मोठमोठी चित्रे पाहावी आणि सांगत सुटावे. ज्यांना मराठी वाचण्याचा सराव राहिलेला नाही अशा तरुण आयांना आम्ही मुद्दाम हे पुस्तक सुचवितो, कारण ह्यात त्यांची आणि मुलाची सुरुवात एकाच रेघेवरून होते. पुढे मूल वाचते झाले की 'वाचू आनंदे' चे चार भाग आहेतच, दोन बालांसाठी व दोन कुमारांसाठी. मराठी साहित्यातील निवडक वेचे आणि भारतीय चित्रकलेचे नमुने त्यांत शेजारी-शेजारी ठेवले आहेत. शालेय क्रमिक पुस्तकाने ज्यांची मराठीची गोडी घालविली, अशा मोठ्यांनीही ते चोरून वाचावेत. पुरंदरे ह्यांना 2014 मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पण पुरस्कार कळण्याआधी मुलांनी त्यांना आपले म्हटले होते.

स्वस्त पुस्तके हवी असतील तर नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयाकडे वळावे. मिकी पटेल ह्यांची रूपा हत्तीण अजून तितकीच ताजी आहे. आपला करडा रंग नकोसा झालेल्या ह्या हत्तिणीची गोष्ट सावळ्या मुलीला 'गोरी हो' म्हणून साबण देणाऱ्या घरांत आवर्जून वाचावी. बंगळूरच्या प्रथम बुक्स ह्या संस्थेने 2004 पासून अनेक भारतीय भाषांत अल्प किमतीची चित्रपुस्तके काढली, आणि 2015 पासून त्यांतील पुष्कळशी संगणकावर विनामूल्य वाचता येतात. हे काम मोठे आहे. मात्र अशा अनुवादित पुस्तकांच्या बाबतीत आमची एक सूचना आहे: विकत घेण्यापूर्वी एक पान मोठ्याने वाचून पाहावे. 'तिने तिच्या आईला तिची पिशवी दिली' अशा घाटाचे वाक्य आले, तर पिशवी मुलीची की आईची हे मुलाला कळत नाही. मराठीत 'आपली' हा सुरेख शब्द आहे, आणि अनुवादक तो विसरला असेल तर पुस्तक खुशाल परत ठेवावे. मुलाच्या कानावर पहिली मराठी पडायची ती मोडकी पडू नये.

चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाने काढलेले इस्मतच्या ईदेचे पुस्तक रत्नागिरीकरांसाठी विशेष जवळचे आहे. लेखन फौझिया गिलानी-विल्यम्स ह्यांचे, चित्रे प्रोइती रॉय ह्यांची. इस्मत हा चांभारकाम करणारा साधा गृहस्थ. ईदेसाठी घरच्यांना भेटी घेतो आणि स्वतःला एक विजार. ती निघते लांब. बायको, आई, मुलगी, सगळ्याजणी स्वयंपाकात गुंतलेल्या; कोणी विजार आखूड करून द्यायला मोकळी नाही. बिचारा स्वतःच कापून शिवतो. मागाहून प्रत्येकीला हळहळ वाटते, आणि प्रत्येकजण दुसरीला न सांगता ती विजार आणखी थोडी कापते. पुढे काय होते ते चार वर्षांचे मूलही आधीच ओळखते आणि तरीही खदखदून हसते. शेजाऱ्याच्या सणाविषयी मुलांना व्याख्यान देण्यापेक्षा हे पुस्तक नाताळच्या भेटीत द्यावे. घरातल्या माणसांचे प्रेम कधी कधी विजारीची अर्धी चड्डी करून टाकते, हे कोणत्याही धर्माच्या घरात पटेल.

येथे एक खंत नोंदविल्यावाचून पुढे जाववत नाही. आमच्या वाचनात आलेल्या मराठी चित्रपुस्तकांत आपले घर जवळजवळ नाही. भिंतीवरच्या वेदीपुढे जपमाळ म्हणणारी आजी, करंज्या व नेवऱ्या तळताना रुसलेली मुलगी, गोठा बांधण्यावरून भांडणारे भाऊ ह्यांची चित्रे कोणी काढलेली नाहीत. ख्रिस्ती मुलगा मराठी पुस्तकात आलाच तर तो डिसेंबरात येतो, सांताक्लॉजची टोपी घालून, आणि जानेवारीत निघून जातो. ह्याचा दोष इतरांना देण्यात अर्थ नाही. आपल्या धर्मग्रामात चित्रे काढणारे तरुण आहेत आणि गोष्टी सांगणाऱ्या आज्या आहेत. त्यांची एकमेकांशी गाठ घालून देणे तेवढे बाकी आहे.

आता मोठ्यांकडे. कादंबरी वाचणे हा रिकामपणचा उद्योग, ही समजूत आपल्या घरांत अजून पुरती गेलेली नाही. त्यामागे इतिहासही आहे: चर्चची निषिद्ध ग्रंथांची यादी चारशेहून अधिक वर्षे चालू होती, ती 1966 मध्ये रद्द झाली. आणि 2024 च्या जुलैमध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी साहित्यवाचनाच्या महत्त्वावर एक स्वतंत्र पत्रच लिहिले. भावी धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी योजलेले ते पत्र त्यांनी सर्वच ख्रिस्ती जनांपुढे ठेवले. तरुणपणी, 1964-65 मध्ये, ते अर्जेंटिनातील सांता फे येथील येशूसंघीय शाळेत साहित्य शिकवीत असत, ह्याची आठवणही त्यांनी त्यात सांगितली आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायला शिकविणारी गोष्ट म्हणून ते कादंबरीकडे पाहत. तेव्हा कादंबरी उघडताना आता कोणाची परवानगी मागायची गरज उरलेली नाही.

आमची पहिली शिफारस नवी नाही, परंतु आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी वाचली असावी. दामोदर मावजो ह्यांची 'कार्मेलीन' ही कोकणी कादंबरी 1981 साली आली, 1983 मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि पुढे लेखकाला 57वा ज्ञानपीठ पुरस्कारही मिळाला. मावजो गोव्यातील माजोर्ड्याचे. दुकान चालविता चालविता लिहिणारे हिंदू गृहस्थ. आणि त्यांनी लिहिली ती एका कॅथलिक स्त्रीची कहाणी, जी घर सावरण्यासाठी कुवेतला मोलकरीण म्हणून जाते. नवऱ्याच्या भरवशावर संसार उभा राहणार नाही हे तिला कळून चुकले आहे. परदेशात मालकाच्या घरी तिच्या वाट्याला जे येते ते लेखक लपवीत नाही, चघळीतही नाही.

ही कादंबरी आपल्याला अस्वस्थ करते ती वेगळ्याच कारणाने. आखाती देशांतून आलेल्या पैशांवर बांधलेली घरे आपल्या सर्वांच्या ओळखीची आहेत. फरशी, रंग, दिवाणखान्यातले शोकेस आपण पाहिले आहे, आणि त्या घरची बाई सुट्टीवर आली की तिच्या सोन्याविषयी बोललोही आहोत. तिने तिथे काय सोसले, हे मात्र आपण विचारलेले नाही. कार्मेलीन देवभोळी आहे, तिच्या हातून चुकाही होतात, आणि लेखक तिला ना संत करतो ना पापी. पापाविषयी आपण लहानपणापासून जे शिकलो, ते ह्या बाईला लावून पाहताना हात थांबतो. मावजोंचे कोकणी लेखन देवनागरीत आहे, त्यामुळे ज्यांच्या घरी आजी कोकणी बोलते त्यांनी मुळातूनच वाचण्याचा प्रयत्न करावा. पहिली वीस पाने जड जातील, मग आजीचा आवाज ऐकू येऊ लागेल.

दुसरे पुस्तक कादंबरी नव्हे, आत्मचरित्र आहे. पण रत्नागिरीत राहून ते न वाचणे आम्हांस बरोबर वाटत नाही. उर्मिला पवार ह्यांचे 'आयदान' 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. बांबूपासून विणलेल्या टोपल्या-सुपांना आयदान म्हणतात. लेखिकेची आई ते विणून संसार चालवी. आरंभीच डोईवर जड ओझी घेऊन डोंगर चढत-उतरत रत्नागिरीच्या बाजारात येणाऱ्या बायकांचे वर्णन आहे. त्यांच्या थट्टा, त्यांच्या शिव्या, त्यांचे पाय. ज्या बाजारात आपण मासळीचा भाव पाडून घेतो तो हाच बाजार. लेखिका दलित स्त्री आहे आणि स्वतःविषयी, आपल्या घराविषयी, आपल्या चळवळीतील पुरुषांविषयीही ती तितक्याच मोकळेपणाने लिहिते. काही पाने वाचताना संकोच वाटेल. तो वाटू द्यावा. जात ही आपल्या कुंपणाबाहेरची गोष्ट आहे असे मानण्याची सवय ख्रिस्ती घरांनाही आहे, आणि लग्ने जुळविताना ही सवय किती पातळ आहे ते उघड होते.

घाटावरचे कृष्णात खोत ह्यांची 'रिंगाण' 2018 मध्ये आली व तिला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे गाव उठले. माणसे नव्या जागी गेली. मागे राहिली एक म्हैस. ती आणण्यासाठी देवाप्पा पुन्हा त्या ओसाड मुलखात जातो, आणि त्याला भेटते ते रानटी झालेले जनावर, जे आता माणसाला मानत नाही. एवढ्या कथानकावर लेखकाने सबंध कादंबरी पेलली आहे. कोल्हापूरकडची बोली सुरुवातीला अडवील. पण जैतापूर, नाणार, बारसू ही नावे वर्तमानपत्रांत वाचलेल्या आपल्या जिल्ह्यातील माणसाला तिचा विषय समजावून सांगावा लागणार नाही. विस्थापितांविषयी आपण नेहमी मोबदल्याच्या आकड्यांत बोलतो. खोत म्हशीच्या डोळ्यांतून विचारतात की, घर सुटते तेव्हा नक्की काय सुटते.

प्रवीण बांदेकर सावंतवाडीचे. त्यांच्या 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' ह्या कादंबरीला 2022 चा अकादमी पुरस्कार मिळाला. सिंधुदुर्गातील कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाचा आधार घेऊन, माणसांच्या दोऱ्या कुणाच्या हाती आहेत असा प्रश्न ती विचारते. कादंबरी गुंतागुंतीची आहे आणि, आमच्या मते, मधल्या भागात लेखकाचे सांगणे बाहुल्यांच्या तोंडून येण्याऐवजी थेट लेखकाकडूनच येऊ लागते. तरीही आपल्या तळकोकणाविषयी इतक्या निर्भयपणे लिहिणारे थोडेच आहेत. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांना नंदा खरे ह्यांची 'उद्या' द्यावी. 2014 च्या ह्या कादंबरीने माणसावर पाळत ठेवणाऱ्या उद्याच्या जगाचे चित्र रेखाटले, आणि ते उद्या बरेचसे आज होऊन बसले आहे. तिला जाहीर झालेला अकादमी पुरस्कार खऱ्यांनी नाकारला होता. 2022 मध्ये ते गेले. पुस्तक रुक्ष आहे अशी तक्रार येईल. ती अर्धी खरी आहे.

शेवटी आपल्या मातीतले एक जुने पुस्तक. दापोली तालुक्यातील मुर्डीचे श्री. ना. पेंडसे ह्यांची 'तुंबाडचे खोत' 1987 साली दोन खंडांत आली. 2018 मध्ये 'तुंबाड' नावाचा भयपट आला, तेव्हा अनेक तरुणांना ही त्याचीच गोष्ट असे वाटले. चित्रपटाने घेतले ते बहुतेक नावच. कादंबरीतले भय निराळे आहे. जगबुडीच्या काठी एक घराणे पिढ्यान्‌पिढ्या चढते आणि ढासळते, आणि त्याच्या पापपुण्याचा हिशेब शेवटपर्यंत जुळत नाही. पावसाळ्यात, विजेचा खेळखंडोबा चालू असताना, हे पुस्तक घरात कुणी तरी मोठ्याने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे. मुलांना सगळे कळणार नाही, त्याची फिकीर करू नये. वाचनालयातून आणताना मात्र दोन्ही खंड एकदम मागून घ्यावेत. पहिला संपतो त्या रात्री दुसरा दुसऱ्या कुणाच्या घरी असला, तर तो परत येईपर्यंत घरात कुणाला चैन पडणार नाही.